झाडीपट्टीच्या नाटकात ‘रिलॅक्स्ड’ प्रयोग करता येईल का?

धानकरी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचे गाव गडचिरोली जिल्ह्यात, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टी भागात, वैनगंगेच्या काठावर आहे. दरवर्षी धान घरात आले, की शंकरपटाच्या (बैलजोड्यांच्या शर्यतीच्या) दिवशी रात्री गावात नाटक होते आणि त्यासाठी लेकीबाळी, जावई, पाहुणे असे सगळे जमतात. माझा पुतण्या अकरा वर्षांचा आहे आणि तो स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. गेल्या वर्षी दुसऱ्या अंकात खलनायकाने पिस्तूल रोखले आणि पडद्यामागे सुतळी बॉम्ब फुटला, तेव्हा त्याने कान दाबून धरले आणि किंचाळत पुढे-मागे डोलू लागला. तो पाच मिनिटांत शांत झाला असता. परंतु एक स्वयंसेवक आला आणि “वहिनी, पोराला बाहेर न्या, लोकांनी तिकीट काढले आहे,” असे म्हणाला. तो उद्धटपणे बोलला नाही, हेही सांगायला हवे. वहिनी त्याला घेऊन घरी गेल्या.

खरी गोष्ट पुढे आहे. आमचे घर मंडपापासून जवळपास अर्धा किलोमीटर दूर आहे. तेथे भोंग्यांचा आवाज स्वच्छ ऐकू येतो. पोरगा ओसरीवर गोधडी घेऊन बसला आणि पहाटेपर्यंत त्याने अख्खे नाटक ऐकले. सकाळी दोन गाणी त्याने चालीसकट म्हणून दाखवली. म्हणजे नाटक त्याला हवे होते, फक्त मंडपात बसून ते सोसवत नव्हते.

परदेशांत ‘रिलॅक्स्ड परफॉर्मन्स’ नावाचा, म्हणजे प्रेक्षकाने उठबस किंवा आवाज केला तरी चालणारा प्रकार असतो, असे वाचनात आले. यंदा मी आमच्या मंडळात सदस्य आहे आणि नाटक कंपनी ठरवायला लवकरच वडशाला, जिथे या कंपन्यांची कार्यालये आहेत, जायचे आहे. आपल्या नाटकात असे काही करता येईल का, आणि कंपनीला नेमके काय सांगावे?

वैनगंगाकाठ

धानकरी भाऊ, मला तर वाटते की आपले नाटक जन्मतःच रिलॅक्स्ड आहे. रात्री दहाला सुरू होऊन पहाटे संपणाऱ्या प्रयोगात कोण शिस्तीने बसते? लहान पोरे पोत्यांवर झोपतात, बाया मध्येच उठून चहा पिऊन येतात, म्हातारे शेकोटीपाशी जाऊन हात शेकतात आणि दोन प्रवेश हुकले तरी शेजारचा माणूस काय घडले ते सांगतो. शहरातल्या नाट्यगृहात तिसऱ्या घंटेनंतर दार उघडले तरी लोक वळून पाहतात. हा प्रकार त्यांना शिकण्याची गरज आहे, आपल्याला नाही.

खुर्ची_क्रमांक_७

सहमत. आमच्या गावात नायिकेपेक्षा तान्ही बाळे जास्त रडतात आणि त्यांना कोणी बाहेर काढत नाही.

शिक्षिका_नागपूर

मी नागपुरात विशेष मुलांच्या शाळेत शिकवते. वैनगंगाकाठ यांचे म्हणणे निम्मे खरे आहे. रिलॅक्स्ड प्रयोगाचा एक भाग परवानगीचा असतो. प्रेक्षकाने उठावे, फिरावे, आवाज करावा, बाहेर जाऊन परत यावे, आणि कोणी त्याच्याकडे डोळे वटारून पाहू नये. हा भाग झाडीपट्टीकडे आधीपासून आहे. दुसरा भाग मात्र रंगमंचाकडून करायचा असतो. प्रेक्षागृहात पूर्ण अंधार करत नाहीत, आवाजाची टोके खाली आणतात, लुकलुकणारे झगझगीत दिवे काढून टाकतात, जवळच एक शांत जागा ठेवतात आणि काय काय घडणार आहे ते पालकांना आधी कळवतात. संहिता तीच राहते. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर 2011 च्या ऑक्टोबरमध्ये ‘द लायन किंग’चा पहिला स्वमग्नता-स्नेही प्रयोग झाला, तेव्हा काही जागी आवाज आणि दिवे सौम्य केले होते, पण नाटक ओळखू येऊ नये इतके काही बदलले नव्हते.

बाळाच्या रडण्याला सूट मिळते, कारण ते आपल्या ओळखीचे आहे. अकरा वर्षांचा धडधाकट दिसणारा मुलगा किंचाळला, की तो वाया गेलेला आहे किंवा आईने वळण लावलेले नाही, असे लोक समजतात. सैलपणा आपल्याकडे आहे खरा, पण तो कोणाकोणाला मिळतो हे एकदा पाहावे.

पडद्यामागचा

बावीस हंगाम मी झाडीपट्टीत ऑर्गन वाजवला आहे, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. कृपया राग मानू नये.

पहिली अडचण वेळेची आहे. अशा मुलांसाठी दुपारी वेगळा प्रयोग करावा, असे कोणीतरी सुचवीलच; ते शक्य नाही. हंगामात कंपनी रोज नव्या गावात असते. पहाटे नाटक संपते, सामान गाडीत चढते, कलावंत गाडीतच झोपतात आणि संध्याकाळी दुसऱ्या गावात उतरतात. दुपार ही आमची रात्र असते. भाऊबीजेपासून होळीपर्यंत जे काही कमवायचे ते कमवून घ्यायचे, कारण पुढे पावसाळाभर पुन्हा शेती किंवा मजुरी असते.

दुसरी अडचण कलेची आहे. आमच्या नटाचा आवाज मोठा असतो, कारण रंगमंचावर वरून टांगलेल्या माइकखाली उभे राहून त्याला शेवटच्या पोत्यावरच्या माणसापर्यंत पोहोचायचे असते. अश्रू, किंकाळी, ऑक्टोपॅडचा दणका हे सारे भडक वाटते, पण तेच आमचे व्याकरण आहे. 2023 मध्ये परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा शहरातल्या लोकांनी या रंगभूमीकडे जरा आदराने पाहिले. त्याआधी ‘आरडाओरड्याचे नाटक’ हेच ऐकत आलो. आता कोणी ‘आवाज कमी करा’ म्हटले, की जुनी जखम दुखते.

धानकरी

पडद्यामागचा दादा, राग कशाचा? तुम्ही लिहिले नसते, तर मी वडशाला जाऊन दुपारच्या प्रयोगाचीच मागणी केली असती आणि हसे करून घेतले असते. नटाने आवाज खाली आणावा असे माझे म्हणणे नाही. पुतण्याला नटांचा आवाज आवडतो. त्याला अचानकपणा सोसत नाही.

गावचा_जावई

विषय सोडून नाही, पण याला मराठीत म्हणायचे काय? ‘मोकळा प्रयोग’ कसा वाटतो?

खुर्ची_क्रमांक_७

मोकळा प्रयोग म्हणजे खुर्च्या मोकळ्या राहिलेला प्रयोग. कंपनीचा मालक फलक पाहूनच परत जाईल.

गावचा_जावई

मग ‘सैल’? की ‘निवांत’?

वैनगंगाकाठ

‘सैल’ म्हटले की तालीम झालेली नाही असे वाटते, आणि निवांत तर आमचे सासरे दरवर्षी पहिल्या अंकातच होतात. माझ्या मते नाव ठेवूच नये. तिकिटाच्या टेबलापाशी ‘येथे उठबस करण्यास व आवाज करण्यास हरकत नाही’ अशी एक ओळ लिहावी. ती सगळ्यांना कळेल.

स्पष्टवक्ता_साकोली

मी थोडे वेगळे मत मांडतो. माणूस वर्षभर राबतो आणि एका रात्री शंभर-दीडशे रुपये देऊन नाटक पाहतो. निर्णायक प्रवेशात शेजारी सतत किंचाळी होत असेल, तर त्याने तक्रार केली म्हणून तो निर्दयी ठरत नाही. पालकांनीही विचार करावा. मुलाला जे सोसत नाही तेथे नेण्याचा हट्ट कोणासाठी असतो, मुलासाठी की आपल्यासाठी? धानकरी यांच्याच पोस्टवरून दिसते, की मुलगा घरी ओसरीवर आनंदात होता.

वहिनीच_बोलते

मी या धाग्यातील वहिनी. दिरांनी दुवा पाठवला, म्हणून सदस्य झाले.

साकोलीकर, तुमच्या पहिल्या वाक्याशी माझे भांडण नाही. निर्णायक प्रवेशात मलाही किंचाळी नको असते. पण मुलगा ओसरीवर आनंदात होता, तेव्हा मीही ओसरीवर होते, हे तुम्ही मोजले नाही. माझे माहेर चामोर्शीकडे आहे. माझ्या दोन्ही बहिणी त्या रात्री मंडपात होत्या आणि वर्षातून तेवढीच एक रात्र आम्ही तिघी एकत्र असतो. मुलाला वेगळे बसवले, की त्याच्याबरोबर एक बाई वेगळी बसते. ती बहुधा आईच असते.

स्पष्टवक्ता_साकोली

वहिनी, हे माझ्या लक्षात आले नव्हते. मुद्दा मागे घेत नाही, पण शब्द मागे घेतो.

शिक्षिका_नागपूर

वेगळे बसवण्यावरून एक प्रसंग सांगते. लंडनच्या जेस थॉम यांना टुरेट सिंड्रोम आहे, म्हणजे त्यांच्या तोंडून इच्छेविरुद्ध शब्द निघतात आणि हातपाय हलतात. 2011 मध्ये त्या एका रंगमंचीय कार्यक्रमाला गेल्या असता मध्यंतरात त्यांना ध्वनियंत्रणेच्या काचबंद खोलीत बसायला सांगितले गेले, कारण इतर प्रेक्षकांनी तक्रार केली होती. त्या रडल्या आणि पुन्हा नाट्यगृहात पाऊल टाकायचे नाही, असे त्यांनी ठरवले. नंतर त्यांच्या लक्षात आले, की नाट्यगृहात एक जागा अशी असते जिथून आपल्याला कोणी उठवू शकत नाही, आणि ती जागा म्हणजे रंगमंच. 2014 मध्ये एडिंबरोत त्यांनी स्वतःचा प्रयोग सादर केला. पुढे त्यांच्या संस्थेच्या सहकार्याने लंडनच्या बॅटर्सी आर्ट्स सेंटरने 2020 पासून ‘खास’ प्रयोग वेगळा न ठेवता अख्खे नाट्यगृहच या पद्धतीने चालवायला घेतले.

म्हणून शांत कोपरा जरूर असावा, पण तो मुलाने किंवा आईने निवडायचा असावा. स्वयंसेवकाने बोट दाखवून तेथे पाठवले, की तो कोपरा राहत नाही, कोंडवाडा होतो.

बत्तीवाला

मी मंडप आणि दिव्यांचे काम करतो. आजकाल नाटकाआधीच्या नृत्यात आणि मारामारीत लुकलुकणारा पांढरा दिवा सगळ्यांनाच हवा असतो. तीन वर्षांपूर्वी एका गावात पुढच्या रांगेतील एका मुलीला त्यातच झटका आला. तेव्हापासून मी याबद्दल माहिती काढली. अपस्माराच्या (फिट येण्याच्या आजाराच्या) शंभर रुग्णांपैकी साधारण तिघांना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो आणि सेकंदाला तीन ते तीस या वेगाची लुकलुक त्यासाठी सर्वांत वाईट असते. ब्रिटनमध्ये सार्वजनिक कार्यक्रमांत हा वेग सेकंदाला चारपेक्षा जास्त नसावा, अशी शिफारस आहे. आमच्या यंत्राचा खटका बहुधा शेवटच्या टोकावर फिरवलेला असतो, कारण ते जास्त ‘जबरदस्त’ दिसते.

मी आता तो दिवा लावतच नाही. त्याऐवजी लाल आणि निळा दिवा हळूहळू बदलतो. आजवर एकाही प्रेक्षकाने पैसे परत मागितले नाहीत. नर्तिकांनी उलट आभार मानले, कारण त्या उजेडात त्यांना पायाखालची फळी दिसत नसे.

आणखी एक सूचना करतो. असा दिवा चुकून लागलाच, तर केवळ डोळे मिटून भागत नाही, कारण पापण्यांतून उजेड आत जातो. एक डोळा तळहाताने पूर्ण झाकावा आणि दिव्याकडे पाठ करावी.

जुनी_तालीम

या धाग्यात सगळे मुलांविषयी बोलत आहेत. मी माझ्या आजोबांविषयी लिहितो. ते उमेदीत गावच्या नाटकांत काम करत असत. आता स्मृतिभ्रंश आहे. मला ते ओळखत नाहीत, जेवले की नाही हे त्यांना आठवत नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना नाटकाला नेले. योगायोगाने ते जुने नाटक होते. तिसऱ्या प्रवेशात नटाने वाक्य उच्चारण्याआधीच आजोबांनी ते खणखणीत आवाजात म्हटले. पुढचेही म्हटले. लोक प्रथम हसले, नंतर कोणीतरी ‘म्हातारा गप्प कर’ असे ओरडले. मी त्यांना उठवू लागलो, तेव्हा रंगमंचावरचा नट थांबला, आजोबांकडे पाहून त्याने हात जोडले आणि आपले वाक्य त्यांच्यानंतर, त्यांच्याच लयीत म्हटले. तो प्रवेश तसाच दोघांनी मिळून पार पाडला.

हे कोणत्या नियमात बसते ते मला ठाऊक नाही. त्या नटाला हे कोणी शिकवले नव्हते.

खुर्ची_क्रमांक_७

त्या रात्री प्रॉम्प्टरने (नटांना वाक्ये सांगणाऱ्याने) रंगमंचापुढच्या खड्ड्यातून बाहेर येऊन चहा घेतला असेल.

पडद्यामागचा

जुनी_तालीम, अशी माणसे आम्हाला ठाऊक असतात. नटाला प्रेक्षकाच्या आवाजाची अडचण होत नाही; कशाचा आवाज आहे ते ठाऊक नसले की अडचण होते. किंकाळी ऐकू आली, तर खाली भांडण झाले, साप निघाला की कोणी पडले, हेच मनात येते आणि वाक्य जाते. पहिल्या पोस्टनंतर मी जरा ताठरपणे लिहिले होते. आता असे म्हणेन, की नाटकाआधी मंडळाच्या माणसाने रंगपटात येऊन, डावीकडे तिसऱ्या रांगेत असा एक मुलगा आहे, तो ओरडला तर काळजी करू नका, एवढे सांगितले तरी आमचे अर्धे काम होते.

परिचारिका_कुरखेडा

थंडीचा मुद्दा कोणी घेतला नाही. आपल्या भागात सिकलसेल (रक्तपेशींचा आनुवंशिक आजार) घरोघरी ठाऊक आहे. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री उघड्यावर सहा तास बसल्याने आणि पाणी कमी प्यायल्याने अशा रुग्णाला असह्य वेदनांचा झटका येऊ शकतो, आणि त्यामुळे ही मुले नाटकाला येतच नाहीत. शांत कोपऱ्याला तीन बाजूंनी ताडपत्री, खाली तणसावर सतरंजी आणि पिण्याचे कोमट पाणी ठेवले, तर एकाच व्यवस्थेत दोघांचे भागेल. शेकोटी मात्र ताडपत्री आणि तणसापासून लांब असावी.

कायद्याचे_बोला

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नताही आहे आणि सिकलसेलही आहे. कलम 29 संस्कृती आणि मनोरंजन यांविषयी आहे, म्हणजे नाटक पाहणे ही चैन आहे असे कायदा मानत नाही. तरीही गावच्या मंडळापुढे कायदा वाचून दाखवू नका. तेथे पटाच्या जोडीवाल्याचा मान आधी ठरतो, मग कायदा.

साउंडवाला_पवनी

धानकरी भाऊंच्या ओसरीचे गणित मला सांगता येईल. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झाले, की आवाज साधारण सहा डेसिबलने कमी होतो. स्पीकरच्या बॉक्सपासून दहा मीटरवर बसलेला माणूस ऐंशी मीटरवर गेला, तर अंतर तीनदा दुप्पट झाले, म्हणजे अठरा डेसिबल उतरले. कानाला हा फरक फार मोठा असतो. आपल्याकडे चूक अशी होते, की सगळे बॉक्स रंगमंचाच्या दोन बाजूंना रचतात आणि शेवटच्या माणसाला ऐकू जावे म्हणून पुढच्या रांगेचे कान फोडतात. तेवढेच बॉक्स चार ठिकाणी वाटून कमी आवाजात लावले, तर सर्वत्र सारखे ऐकू येते आणि एक कोपरा सहज सौम्य ठेवता येतो. वायर थोडी जास्त लागते, इतकेच.

शिवाय मुलाला कानावरचे मफ मिळाले तर पाहा. कारखान्यांत वापरतात तेच चालतात. वरून कानटोपी घातली, की कोणाला दिसतही नाहीत.

शिक्षिका_नागपूर

आणि चित्रांची वही विसरू नका. मोबाइलवर दहा-बारा छायाचित्रे काढून त्यांचे कागद शिवा. हा मंडप, हे तिकिटाचे टेबल, ही आपली जागा, हा पडदा, हा खलनायक रंग लावण्याआधी आणि हा रंग लावल्यावर. येथे मोठा आवाज होईल, तो खोटा आहे, मग सगळे टाळ्या वाजवतील. ही वही आठवडाभर रोज झोपताना दाखवा. अचानकपणा निम्मा येथेच संपतो.

गावचा_जावई

आणि उरलेल्या निम्म्यासाठी सुतळी बॉम्बच्या आधी काही खूण करता आली, तर? प्रॉम्प्टरच्या खड्ड्यापाशी एक लहान दिवा लावावा. तो पेटला की आईने कान झाकावेत.

स्पष्टवक्ता_साकोली

त्याने रहस्य फुटेल.

वैनगंगाकाठ

साकोलीकर, खलनायक कोटाच्या खिशात हात घालतो तेव्हाच मागच्या रांगेतले लोक ‘आता मारते’ म्हणून मोकळे होतात. दिव्याने आणखी काय फुटणार?

धानकरी

मंडळी, काल वडशाहून परत आलो. सर्वांना कळवतो.

कंपनीच्या व्यवस्थापकाने सुरुवातीला ‘हे शहरी लफडे’ असे म्हटले. नंतर मी लुकलुकणारा दिवा नको असे सांगितले, तेव्हा भाडे वाचते म्हणून तो लगेच तयार झाला. सुतळी बॉम्ब काढायला त्याने साफ नकार दिला. प्रेक्षक नाराज होतील असे त्याचे म्हणणे आहे आणि ते मला पटले. बॉम्ब रंगमंचामागे न फोडता मागच्या शेतात फोडायचे कबूल केले आहे. छायाचित्रांसाठी खलनायकाचे काम करणारे कलावंत स्वतःहून उभे राहिले आणि रंग लावलेले छायाचित्र पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणाले. बॉक्स चार ठिकाणी लावण्याबाबत आमच्या गावचा साउंडवाला अजून कुरकुर करतो आहे, त्याला पवनीच्या भाऊंचा हिशेब दाखवणार आहे. कोपऱ्यासाठी ताडपत्री मिळाली. स्वयंसेवकांशी बोलायचे काम वहिनींनी स्वतःकडे घेतले आहे. गेल्या वर्षीचा तो स्वयंसेवक यंदा त्याच कोपऱ्यापाशी उभा राहणार आहे, असे त्या म्हणाल्या. त्याला ते अजून ठाऊक नाही.

पुतण्याला खलनायकाचे साधे छायाचित्र दाखवले. तो बराच वेळ पाहत राहिला आणि “याची पिस्तूल कुठे आहे?” असे त्याने विचारले. आता पिस्तुलाचेही छायाचित्र मागवले आहे.

एकच प्रश्न उरला आहे. खड्ड्यापाशी दिवा कोणत्या रंगाचा लावावा?

बत्तीवाला

हिरवा लावा. लाल पेटला तर लोकांना वाटेल की बत्ती जळाली, आणि सगळे मलाच फोन करतील.